कुटुंब निवृत्तिवेतन (कोल्हापूर जिल्हा)

सरकारी नोकर सेवेत असताना किंवा निवृत्तीनंतर मरण पावल्यास त्याच्या विधवेला (नोकर स्त्री असल्यास विधुराला) आणि त्यांच्यामागे पात्र अपत्यांना दरमहा मिळणारी रक्कम. बोलीत ‘फॅमिली पेन्शन’. मृत्यू-उपदान (एकरकमी ग्रॅच्युइटी) व अनुकंपा नियुक्ती (वारसाला मिळणारी नोकरी) यांहून ते वेगळे.

पूर्वपीठिका : या प्रथेचे मूळ शिवकाळात दाखवण्याचा प्रघात आहे. सभासद बखरीत (बहुधा 1697, काहींच्या मते 1694) अफझलखान प्रसंगी पडलेल्यांच्या मुलांचे चालवावे, मुलगा नसेल त्यांच्या बायकांस निम्मे वेतन द्यावे, अशी व्यवस्था केल्याचे सांगितले आहे. बखर प्रसंगानंतर सुमारे चार दशकांनी लिहिलेली असल्याने हा पुरावा बेताने घ्यावा लागतो. मराठेशाहीच्या दप्तरांत अशा नेमणुकीला (बांधून दिलेल्या रकमेला) ‘बालपरवेशी’ म्हणत. यातील ‘परवेशी’ हे फार्सी ‘परवरिश’चे (पालनपोषण) रूप दिसते, संस्कृत ‘प्रवेश’शी त्याचा संबंध नसावा. करवीर (कोल्हापूर) राज्य याच परंपरेतले, म्हणून हा धागा थेट आजच्या पेन्शनपर्यंत ओढला जातो. मात्र बालपरवेशी ही धन्याची मेहेरबानी होती. दाद मागता येईल असा तो हक्क नव्हता. निवृत्तिवेतन ही सरकारची कृपा नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने 1971 मध्ये आणि पुन्हा 1982 मध्ये स्पष्ट केले. तेव्हा आजच्या व्यवस्थेचा उगम 1964 च्या कुटुंब निवृत्तिवेतन योजनेत मानणे अधिक सयुक्तिक. कोल्हापूर संस्थान 1 मार्च 1949 रोजी मुंबई राज्यात विलीन झाल्याने ती येथे आपोआपच लागू झाली.

नियम : महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, 1982 मधील नियम 116 हा मुख्य आधार. सर्वसाधारण दर अंतिम मूळ वेतनाच्या 30 टक्के. सलग सात वर्षे सेवा झालेला नोकर सेवेत वारल्यास 50 टक्के. मूळ नियमानुसार हा वाढीव दर सात वर्षे किंवा तो 65 वर्षांचा झाला असता ती तारीख, यांपैकी जे आधी येईल तोवर. मुलाला 21 आणि अविवाहित मुलीला 24 वर्षांपर्यंत, ही मूळ मर्यादा. अपंग अपत्यांसाठी ती शिथिल होते. 1 नोव्हेंबर 2005 पासून रुजू झालेले यातून वगळले गेले होते. 31 मार्च 2023 च्या शासन निर्णयाने त्यांच्या कुटुंबांनाही हा पर्याय मिळाला.

पुनर्विवाह केल्यास विधवेचे निवृत्तिवेतन थांबे, असे मूळ नियमातील कलम होते. ज्या संस्थानात शाहू महाराजांनी 1917 मध्ये पुनर्विवाहाला कायद्याचे पाठबळ दिले, तेथे ते विशेष खटकणारे होते. दोन विधवांत समान वाटणीची तरतूदही नियमात आहे. ती दुसऱ्या पत्नीला आपसूक लागू होत नाही. विवाह कायदेशीर असावा लागतो, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने 2019 मध्ये ठरवले.

कार्यपद्धती : मंजुरी मुंबईच्या महालेखापालांकडून, प्रदान कोल्हापूर जिल्हा कोषागारातून. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला. एसटी कामगारांची कुटुंबे मात्र 1995 च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेखाली येतात. तेथे विधवेची किमान रक्कम 1000 रुपये आहे. राज्य कर्मचाऱ्यांच्या वारसांना तंट्यासाठी आधी मुंबईच्या प्रशासकीय न्यायाधिकरणात जावे लागते. जिल्हा परिषद शिक्षकांच्या वारसांना मात्र ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच (फिरते पीठ) गाठता येते.