नखं का कापायची? आरोग्याच्या तासाच्या नियमांमागचं सायन्स

दुसरी-तिसरीच्या कुठल्याही वर्गात जा, भिंतीवर आरोग्याचा एक तक्ता असतोच. नखं कापा, जेवणाआधी हात धुवा, रुमाल आणा, अनवाणी फिरू नका. परिपाठाला मुलं हे सगळं एका सुरात म्हणतात, सोमवारी नखं तपासली जातात, ज्याची वाढलेली असतात त्याला उभं करतात आणि विषय संपतो. 'का' हे मात्र कोणी सांगत नाही, आणि मला वाटतं सगळा घोळ तिथेच आहे, कारण सात-आठ वर्षांच्या पोराला एकदा कारण पटलं ना की ते घरी जाऊन आजीलाही साबणाने हात धुवायला लावतं.

नखांपासूनच सुरू करू. लहान मुलांच्या पोटात सुतासारखे बारीक पांढरे जंत होतात, यातली मादी रात्री मूल झोपलं की बाहेर येऊन शौचाच्या जागेपाशी अंडी घालते, तिथे खाज सुटते, मूल झोपेत खाजवतं आणि अंडी थेट नखांखाली जातात. काही तासांत ती अंडी लागण करायला तयार होतात. सकाळी तेच बोट तोंडात गेलं की त्याच मुलाला पुन्हा लागण, आणि त्याच हाताने शेजारच्याला पेन्सिल दिली तर त्यालाही होऊ शकते. अंडी इतकी बारीक असतात की डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून नख स्वच्छ दिसतंय एवढ्यावर भागत नाही, ते लहानच लागतं. हे मुलांना सरळ सांगावं, ती थोडी हसतात, ईईई करतात, पण विसरत नाहीत.

इथे एक समज खोडून काढायला हवा. "गोड खाऊ नको, जंत होतील" हे आपल्याकडे घरोघरी ऐकवलं जातं. गुळाने किंवा चॉकलेटने जंत होत नाहीत. जंत होतात ते अंड्यांमुळे नाहीतर मातीतल्या अळ्यांमुळे, आणि ते कुणाच्या तरी विष्ठेतून किंवा शौचाच्या जागेपासून आलेले असतात. गोलकृमी या जंताची एक मादी दिवसाला सुमारे दोन लाख अंडी घालते, उघड्यावर शौच झालं की ती मातीत मिसळतात, ओल असेल तर दोन-तीन आठवड्यांत लागण करण्याजोगी होतात आणि मातीत खेळलेल्या हातांवरून किंवा न धुतलेल्या भाजीवरून पोटात पोचतात. अंकुशकृमी या दुसऱ्या जंताची तर अजून कमाल, त्याच्या अळ्या अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतात, रक्तातून फुप्फुसात जातात, तिथून घशाशी येऊन गिळल्या जातात आणि शेवटी आतड्याला चिकटून रक्त पितात. मूल फिकट दिसतं, दमतं, वर्गात लक्ष लागत नाही, आणि आपण म्हणतो अभ्यासात कच्चं आहे. 'चप्पल घाला' या तक्त्यावरच्या दोन शब्दांमागे एवढं सगळं आहे.

म्हणूनच शाळेत जंतनाशक दिवस असतो. २०१५ मध्ये काही राज्यांत सुरू झालेला हा कार्यक्रम आता देशभर चालतो, १ ते १९ वर्षांच्या मुलांना अल्बेंडॅझोलची गोळी देतात, दोन वर्षांच्या पुढे ४०० मिलिग्रॅमची पूर्ण आणि त्याहून लहानांना अर्धी. या औषधामुळे जंताला साखर शोषून घेता येत नाही, तो उपाशी मरतो. गोळी चावून खायची असते, हे मुलांना आधी सांगून ठेवलं तर घशात अडकण्याचा प्रश्न येत नाही. पोटात जंत जास्त असतील तर थोडं मळमळतं, पोट दुखतं, आणि मग व्हॉट्सअॅप ग्रुपवर पालक घाबरतात, तेव्हा हे आदल्या दिवशीच ग्रुपवर टाकलेलं बरं. त्या दिवशी मूल आजारी असेल तर गोळी द्यायची नाही, राहिलेल्यांसाठी पुढे वेगळा दिवस ठेवलेला असतो. आणि ही गोळी म्हणजे लस नाही, आतले जंत मरतात पण माती तशीच राहते, म्हणून पुन्हा पुन्हा द्यावी लागते आणि म्हणूनच नखं, चप्पल, साबण हे नियम गोळी घेतल्यावरही सुटत नाहीत.

आता हात धुणं. यूट्यूबवर एक प्रयोग फार फिरतो, ताटलीतल्या पाण्यावर मिरपूड टाकायची, बोटाला साबण लावून मध्ये बुडवायचं, मिरपूड कडेला पळते आणि मॅडम म्हणतात, बघा जंतू पळाले. मला हा प्रयोग आवडत नाही. तिथे पाण्याचा पृष्ठताण, म्हणजे पाण्याच्या वरच्या थराची ओढ, कमी झाल्यामुळे मिरपूड ओढली जाते, त्याचा जंतूंशी काही संबंध नाही, आणि मुलांना वाटतं साबणाचं बोट लावलं की काम झालं. त्यापेक्षा खोबरेल तेलात दालचिनीची बारीक पूड कालवून एका मुलाच्या हाताला चोळा आणि त्याला दोघातिघांशी हात मिळवायला सांगा. मग नुसत्या पाण्याने हात धुवून बघायला लावा. तळहातावरची पूड थोडीफार जाते, पण अंगठ्याच्या मागे, बोटांच्या बेचक्यांत, नखांच्या कडेला तशीच चिकटून राहते. आता साबण लावून नीट चोळलं की निघते. कुठे कुठे राहिली होती ते मुलं एकमेकांच्या हातांवर बोट ठेवून दाखवतात, तेच खरं शिकणं.

होतं काय, साबणाच्या कणाचं एक टोक पाण्याला धरतं आणि दुसरं तेलाला, त्यामुळे हातावरचा तेलकट थर आणि त्यात अडकलेले जंतू सुटे होऊन वाहून जातात. फ्लू किंवा कोरोनासारख्या विषाणूंवर चरबीचं आवरण असतं, ते साबणाने फुटतं. पण जुलाब-उलट्या करणारे रोटा आणि नोरो विषाणू, जंतांची अंडी, यांना असं आवरण नसतं, साबणाने ती फुटत नाहीत, त्यांना चोळून सुटं करून वाहत्या पाण्याने घालवावंच लागतं. कोरोनानंतर बऱ्याच शाळांत जेवणाआधी सॅनिटायझरचे दोन थेंब देतात, तर नोरोवर सॅनिटायझर फारसं चालत नाही आणि जंतांच्या अंड्यांवर तर भरवसाच नको. आणि धुतल्यावर हात कोरडे करायचे, ओल्या हातांवरून जंतू जास्त सहज पसरतात, रुमाल आणायचा नियम त्यासाठी आहे (स्वच्छ रुमाल, आठवडाभर खिशात राहिलेला नाही).

किमान २० सेकंद चोळा असं सांगतात. आता हिशोब करा, वर्गात ४० मुलं, नळ एकच, भिजवून चोळून धुवायला प्रत्येकाला ३० सेकंद धरले तरी २० मिनिटं गेली, मधली सुट्टी तिथेच संपली. मग मुलं बोटं भिजवून पळतात आणि आपण त्यांना बेशिस्त म्हणतो. शाळा व्यवस्थापन समितीच्या मीटिंगमध्ये मी हेच पुन्हा पुन्हा मांडत असते, की हात धुवा हा नियम मुलांसाठी असला तरी साबण, पाणी, वेळ ही मोठ्यांची जबाबदारी आहे. ओळीत नळ असलेलं हँडवॉश स्टेशन असेल तर उत्तमच, ते नसेल तर चोळायचं काम नळापासून लांब रांगेत करायचं, नळ फक्त भिजवायला आणि धुवायला, म्हणजे रांग भराभर सरकते आणि पाणीही कमी लागतं.

उवांचं थोडक्यात सांगते. उवा घाणीमुळे होत नाहीत, त्या उड्या मारत नाहीत की उडत नाहीत, डोक्याला डोकं लागलं की चालत जातात, स्वच्छ केसांतही राहतात. लिखा फुटायला साधारण आठवडाभर किंवा थोडं जास्त लागतं म्हणून फणी एकदा फिरवून भागत नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटनासुद्धा सांगते की उवांसाठी मुलाला शाळेतून घरी पाठवू नका. मग भर वर्गात एखाद्या मुलीचं नाव घेऊन "हिच्याजवळ बसू नका" म्हणणं किती चुकीचं आहे बघा. आरोग्याच्या तासाचा पहिला नियम खरं तर हा हवा की कुणाच्या शरीरावरून, आजारावरून हसायचं नाही, कारण हसतील म्हटलं की मूल खाज, जुलाब, अंथरूण ओलं होणं, सगळं लपवतं.

लपवण्यावरून टॉयलेटचं आठवलं. "आत्ताच तर सुट्टी झाली, बस खाली" हे मुलांना सर्रास ऐकावं लागतं. सात वर्षांच्या मुलाच्या मूत्राशयात साधारण पाव लिटर मावतं, त्यात रोज रोज दाबून ठेवलं तर लघवीचा संसर्ग होण्याची शक्यता वाढते, शौच रोखलं तर ते कडक होतं, दुखतं, म्हणून मूल अजून रोखतं, आणि फुगलेलं आतडं मूत्राशयावर दाब देतं. शाळेतलं टॉयलेट घाण असेल तर मुली पाणीच पित नाहीत, बाटली भरलेली तशीच घरी येते. शिक्षण हक्क कायद्यात मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं लिहिलेली आहेत, ती बांधलेलीही दिसतात, पण तिथे कडी लागते का, पाणी येतं का, हे रोज कोणी बघतं का? तास चालू असताना विचारलं तरी जाऊ द्यायचं, हा नियम वर्गात मोठ्या अक्षरात लावावा.

आणि आजारी असताना घरी राहायचं, हा नियम. कांजिण्या झालेलं मूल पुरळ यायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच दुसऱ्यांना देऊ शकतं, आणि सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत देत राहतं, म्हणजे 'ताप उतरला, पाठवू' हे तिथे लागू नाही. ताप, उलट्या, जुलाब असतानाही घरीच. पण आपल्याकडे वर्षाच्या शेवटी शंभर टक्के हजेरीचं बक्षीस असतं, टाळ्या वाजतात, आणि त्यासाठी मुलं ताप अंगावर काढून येतात, आईबापही क्रोसिन देऊन पाठवतात. एका हाताने घरी राहा म्हणायचं आणि दुसऱ्या हाताने न राहिल्याबद्दल मेडल द्यायचं, हे जुळत नाही. आजारपणाची रजा हजेरीच्या बक्षिसात धरायची नाही, एवढा एक ठराव शाळेने यंदा करावा, त्याला ना निधी लागतो ना वरून परवानगी.