विरूपता आणि कथासमीक्षा : वैदर्भीय ग्रामीण कथेच्या संदर्भात

हसू आणि भय, ओळखीचे आणि अनोळखी, माणूस आणि जनावर किंवा वस्तू यांची कथेत अशी सरमिसळ व्हावी, की वाचकाला हसावे की दचकावे हे ठरवता येऊ नये. या अवस्थेला आणि ती घडवणाऱ्या रचनेला विरूपता म्हणतात. 'ग्रोटेस्क' या युरोपीय संज्ञेसाठी हा शब्द येथे वापरला आहे. नुसती कुरूपता, नुसती किळस किंवा एखादे विक्षिप्त पात्र एवढ्याने विरूपता सिद्ध होत नाही. दोन परस्परविरोधी भाव एकाच वेळी जागे झाले पाहिजेत आणि शेवटपर्यंत त्यांचा निकाल लागता कामा नये.

मूळ संज्ञा चित्रकलेतली आहे. पंधराव्या शतकाच्या अखेरीस रोममध्ये सम्राट नीरोच्या सुवर्णप्रासादाची गाडली गेलेली दालने सापडली. त्यांच्या भिंतींवर वेलीतून उगवणारी माणसे आणि पाने फुटलेली जनावरे रंगवलेली होती. भुयारासाठी असलेल्या इटालियन शब्दावरून या शैलीला नाव मिळाले. पुढे ते साहित्यात आले. रशियन लेखक गोगोलच्या १८३६ मधील कथेत एका अधिकाऱ्याचे नाक चेहऱ्यावरून नाहीसे होऊन शहरात हिंडू लागते, तर काफ्काच्या १९१५ मधील कथेत फिरता विक्रेता सकाळी किडा होऊन जागा होतो. जर्मन समीक्षक वोल्फगांग कायझर यांनी १९५७ मध्ये विरूपतेची मीमांसा करताना ओळखीचे जग अचानक परके होण्यावर भर दिला. रशियन साहित्यविचारक मिखाईल बाख्तिन यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात उलट बाजू मांडली : खाणारे, प्रसवणारे, मरणारे, कधीच पूर्ण न होणारे शरीर आणि जत्रेतील सामूहिक हसू हा त्यांच्या दृष्टीने विरूपतेचा गाभा आहे. या दोघांपैकी एकाचीच बाजू धरून विदर्भातील कथा वाचली, तर ती अर्धी हातातून निसटते.

भारतीय काव्यशास्त्रात याच्या जवळची कल्पना बीभत्स रसाची आहे. नाट्यशास्त्रात जुगुप्सा म्हणजे किळस हा त्याचा स्थायिभाव, म्हणजे मुळाशी असलेला टिकाऊ भाव, सांगितला असून बीभत्सातून भयानकाची उत्पत्ती मानली आहे, मात्र हास्याचे मूळ शृंगारात दाखवले आहे. म्हणून बीभत्स आणि हास्य यांची एकत्र गाठ घालणाऱ्या कथेला केवळ रसव्यवस्थेच्या आधारे उलगडणे अवघड जाते.

लोकव्यवहारात मात्र ही गाठ विदर्भात जुनीच आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी 'घेऊन जा गे मारबत' असे ओरडत गावातील रोगराई आणि इडापिडा गावाबाहेर घालवली जाते. मारबत म्हणजे या इडापिडेचे रूप म्हणून केलेला स्त्रीचा मोठा पुतळा. नागपुरात १८८० च्या दशकापासून काळ्या आणि पिवळ्या मारबतीच्या मिरवणुका निघतात आणि त्यांच्यासोबतचे बडगे, म्हणजे उपहासाचे पुतळे, त्या त्या वर्षीच्या सामाजिक दुखण्यांना चेहरा देतात. बेढब, हसवणारा आणि शेवटी जाळला जाणारा हा पुतळा बाख्तिन यांच्या सिद्धान्ताला घरचे उदाहरण पुरवतो. त्याहून मोलाची गोष्ट अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर या महानुभाव पंथाच्या तीर्थस्थानाची. तेराव्या शतकाच्या अखेरीस महानुभाव ग्रंथकार म्हाइंभट यांनी तेथील सत्पुरुष गोविंदप्रभू ऊर्फ गुंडम राऊळ यांच्या लहानलहान लीळा, म्हणजे आठवणीतले प्रसंग, संकलित केल्या. त्यांतील राऊळ आपल्याशीच हसतात, अकारण रागावतात, दुसऱ्याच्या घरचे अन्न उचलून खातात, सोवळेओवळे मानत नाहीत. गाव त्यांना वेडे म्हणते आणि अडचणीच्या वेळी त्यांच्याकडेच आईबाप म्हणून धावते. मराठी गद्याच्या आरंभकाळीच वऱ्हाडात विरूप देह आणि पावित्र्य एकाच व्यक्तीत असे नांदले, याची दखल आधुनिक कथासमीक्षेने फार कमी घेतली आहे.

समीक्षादृष्टी बदलली की त्याच विरूप प्रतिमेचा अर्थ कसा बदलतो, हे पाहण्यासाठी एक कल्पित कथानक घेता येईल. भाव वाढेल या आशेने एका शेतकऱ्याने कापूस विकलेला नाही. माजघर आढ्यापर्यंत भरले आहे, घरची माणसे ढिगावरच झोपतात, पोरे त्यात उड्या मारतात. हळूहळू सगळ्यांच्या अंगाला खाज सुटते. म्हातारा तर ढिगात इतका रुतला आहे, की त्याचे डोके तेवढे वर दिसते आणि पापण्यांवर तंतू चिकटले आहेत. खेडा खरेदीला, म्हणजे गावात येऊन माल घ्यायला, आलेला व्यापारी मूठभर कापूस ओढून पाहतो, पिवळा पडला म्हणून भाव पाडतो आणि काटा लावायला सांगतो. मापाच्या वेळी कापसाबरोबर म्हाताऱ्याचा हातही चुंगडीत, म्हणजे पोत्यात, भरला जातो.

कथेच्या रचनेवर आणि प्रतिमांवर लक्ष ठेवणारा रूपवादी समीक्षक येथे पांढऱ्या रंगाचा प्रवास पाहील : उड्यांच्या खेळात मऊ असलेला कापूस शेवटी कफनासारखा होतो आणि कथेचा सूर कोणत्या वाक्यात पालटला हे नेमके सांगता येत नाही, हेच तिचे यश. मार्क्सवादी वाचनात माणूस आणि माल यांच्यातील सीमा पुसणारा प्रसंग म्हणजे चुंगडीतला हात. राबणाराच तोलला जातो. मनोविश्लेषणाच्या अंगाने ओळखीचेच भयावह होण्यावरील फ्रॉइड यांच्या १९१९ च्या निबंधाचा आधार मिळतो, कारण येथे भय बाहेरून येत नाही, आपलेच घर परके होते. स्त्रीवादी वाचक विचारील की हा कापूस वेचला कोणी? कमरेच्या फडक्यात बोंडे भरणाऱ्या, बोटे बोंडांच्या टोकांनी ओरबाडून घेणाऱ्या बाया कथेत नसतील, तर म्हाताऱ्याच्या देहावर खिळलेली करुणा अपुरी ठरते. या प्रश्नाचे वजन मोठे आहे. अनेक गावकथांत स्त्रीचे श्रम पार्श्वभूमीत विरतात.

दलित समीक्षेचा आक्षेप आणखी मूलगामी आहे. विद्रूप देह कुणाचा दाखवला जातो आणि तो पाहणारी नजर कुणाची असते? गावकुसाबाहेरच्या माणसाची घाण, भूक आणि मेलेले ढोर यांचे वर्णन सवर्ण वाचकाला थरार देण्यासाठी आले, तर ती विरूपता नसून जुनाच विटाळ नव्या कपड्यांत असतो. अण्णाभाऊ साठे यांच्या 'स्मशानातील सोनं' या कथेतील भीमा दगडाची खाण बंद पडल्यावर प्रेतांच्या राखेत सोने शोधू लागतो आणि त्यापायी हाताची बोटे गमावतो. तेथे किळस आहे, पण ती भीमाविषयी वाटत नाही, त्याला तेथवर नेणाऱ्या बेकारीविषयी वाटते. विरूपतेचा रोख माणसावर आहे की परिस्थितीवर, ही कसोटी याच कथेवरून घेता येते आणि इतर दृष्टींपेक्षा ती अधिक उपयोगी आहे, असे म्हणावेसे वाटते.

बोलीचा प्रश्न याला लागूनच येतो. वरच्या कथानकातील म्हातारा 'आंग खाजून रायलं बाप्पा' असे म्हणाला, तर बोलीला विनोदाचे साधन समजण्याची सवय लागलेला शहरी वाचक तेथे हसेल. त्या हसण्यात भयाचा अंश नसतो, म्हणून ते विरूपतेतले हसू ठरत नाही. वऱ्हाडी किंवा पूर्व विदर्भातील झाडीबोली घरात बोलणाऱ्या वाचकाला मात्र 'बाप्पा' या शब्दातील थकवा आधी ऐकू येतो, पोरांच्या उड्यांचे हसू अजून ओठांवर असतानाच.