हायड्रोजन बंध

हायड्रोजन बंध : एखाद्या अणूशी सहसंयुजी बंधाने (इलेक्ट्रॉनांच्या भागीदारीने होणाऱ्या बंधाने) जोडलेला हायड्रोजन अणू आणि त्याच किंवा दुसऱ्या रेणूतील इलेक्ट्रॉनसमृद्ध अणू अथवा अणुगट यांच्यातील आकर्षण. हायड्रोजन मुळात ज्या अणूला बांधलेला असतो त्याला दाता आणि ज्याच्याकडे तो ओढला जातो त्याला ग्राही म्हणतात. दात्याची विद्युत् ऋणता (बंधातील इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढण्याची क्षमता) हायड्रोजनपेक्षा जास्त असावी लागते. फ्ल्युओरीन, ऑक्सिजन आणि नायट्रोजन हे नेहमीचे दाते व ग्राही होत. मात्र बंध या तिघांपुरताच मर्यादित आहे, हे पाठ्यपुस्तकांत अजून आढळणारे विधान आता ग्राह्य धरले जात नाही (कारण पुढे पाहा).

हे स्थान हायड्रोजनलाच का, याचे उत्तर त्याच्या अणुरचनेत आहे. त्याच्याजवळ एकच इलेक्ट्रॉन असतो. दात्याने तो आपल्याकडे ओढून घेतला की अणुकेंद्राची दुसरी बाजू जवळजवळ उघडी पडते. लिथियम, सोडियम इत्यादींच्या आतल्या कक्षांत इलेक्ट्रॉन उरतात आणि शेजाऱ्याला दूर लोटतात. हायड्रोजनला अशी आतली कक्षाच नाही. त्यामुळे बंधात न गुंतलेली ग्राहीची इलेक्ट्रॉन जोडी त्याच्या बरीच जवळ येऊ शकते. दाता, हायड्रोजन व ग्राही हे शक्यतो एका सरळ रेषेत राहतात, आणि ही दिशाबद्धता हायड्रोजन बंधाला साध्या द्विध्रुवीय आकर्षणापासून वेगळे करते.

सामान्य हायड्रोजन बंधाची ऊर्जा सुमारे १० ते ४० किलोजूल प्रतिमोल असते. पाण्याच्या दोन रेणूंमधील बंध साधारण २० किलोजूलचा, तर पाण्याच्या रेणूतील ऑक्सिजन-हायड्रोजन सहसंयुजी बंध सुमारे ४६० किलोजूलचा असतो. सर्वांत बळकट उदाहरण बायफ्ल्युओराइड आयनाचे आहे. त्यात हायड्रोजन दोन फ्ल्युओरीन अणूंच्या बरोबर मध्ये असतो आणि ऊर्जा १६० किलोजूलच्या आसपास जाते. तेथे दाता कोणता व ग्राही कोणता हा प्रश्नच उरत नाही. नेहमीच्या तापमानाला रेणूंची औष्णिक ऊर्जा सुमारे २.५ किलोजूल प्रतिमोल असते. त्यामुळे द्रव पाण्यातील बंध टिकण्याइतके बळकट असतात, पण कायमचे नसतात. सेकंदाच्या सुमारे एक लक्ष कोट्यंश भागात ते तुटतात व नव्याने जुळतात.

गुणधर्मांवरील परिणाम : ऑक्सिजन, गंधक, सिलिनियम व टेल्युरियम यांच्या हायड्राइडांचे उत्कलनबिंदू अनुक्रमे १००°, −६०°, −४१° व −२° से. आहेत. शेवटच्या तिघांचा कल मागे नेला, तर पाणी −८०° से.च्या सुमारास उकळावयास हवे होते. अमोनिया (−३३° से.) व फॉस्फीन (−८८° से.), तसेच हायड्रोजन फ्ल्युओराइड (सुमारे २०° से.) व हायड्रोजन क्लोराइड (−८५° से.) या जोड्यांतही हीच विसंगती दिसते. हायड्रोजन फ्ल्युओराइडमधील एकेक बंध पाण्यातील बंधापेक्षा बळकट असूनही ते पाण्याच्या कितीतरी आधी उकळते. त्याचा रेणू दोनच शेजाऱ्यांशी जोडला जाऊ शकतो, पाण्याचा चारांशी. शिवाय त्याच्या बाष्पातही रेणूंचे पुंजके शिल्लक राहतात.

बंध रेणूच्या आतल्या आत झाला, तर परिणाम उलटा होतो. महाविद्यालयांतील एका जुन्या प्रात्यक्षिकात हे डोळ्यांनी पाहता येते, आणि केवळ तेवढ्यासाठीही ते अभ्यासक्रमात टिकावे. सौम्य नायट्रिक अम्लाने फिनॉलाचे नायट्रीकरण केले की ऑर्थो व पॅरा नायट्रोफिनॉल यांचे मिश्रण मिळते. चंबूतून वाफ सोडली की ऑर्थो समघटक (तेच अणू, पण वेगळी मांडणी असलेला रेणू) वाफेबरोबर निघून येतो. संघनकाच्या नळीत पिवळे थेंब दिसू लागतात आणि गार होताच त्यांचे पिवळे स्फटिक बनतात. पाणी फार थंड असेल, तर नळी तुंबतेसुद्धा. पॅरा समघटक चंबूतच राहतो. ऑर्थोमध्ये हायड्रॉक्सी गटाचा हायड्रोजन शेजारच्या नायट्रो गटात गुंतलेला असतो, त्यामुळे रेणू एकमेकांना फारसे धरत नाहीत (वितळबिंदू ४५° से.). पॅरामध्ये दोन्ही गट रेणूच्या विरुद्ध टोकांना असतात, रेणू रेणूला बांधला जातो (वितळबिंदू ११४° से.). बेंझिनात विरघळलेल्या ॲसिटिक अम्लाचा रेणुभार जवळजवळ दुप्पट भरतो, तो दोन रेणूंची जोडी जमल्यामुळे.

बर्फ : बर्फात प्रत्येक ऑक्सिजनभोवती चतुष्फलकाच्या कोपऱ्यांवर चार ऑक्सिजन असतात आणि त्यांच्यातील अंतर २७६ पिकोमीटर असते. ही रचना पोकळ असल्यामुळे बर्फाची घनता ०.९१७ ग्रॅम प्रति घ. सेंमी. भरते व बर्फ पाण्यावर तरंगतो. दोन ऑक्सिजनांच्या मधला हायड्रोजन नेमका कोठे असतो, याचे नियम जे. डी. बर्नाल व आर. एच. फाउलर यांनी १९३३ मध्ये मांडले : प्रत्येक जोडणीवर एकच हायड्रोजन, आणि प्रत्येक ऑक्सिजनजवळ दोनच.

हे नियम पाळूनही हायड्रोजनांना पुष्कळ मोकळीक उरते, हे १९३५ मध्ये लायनस पाउलिंग यांनी दाखविले. त्यांची मोजणी कागदाच्या कपट्यावर मावेल इतकी साधी आहे. चार शेजाऱ्यांपैकी कोणत्या दोघांकडे हायड्रोजन वळवायचे, याच्या सहा तऱ्हा होतात. निवडलेली प्रत्येक दिशा शेजाऱ्याने आधीच व्यापलेली नसण्याची शक्यता निम्मी, म्हणून दोन्ही दिशांची मिळून पाव. सहाचा पाव म्हणजे दीड. प्रत्येक रेणूमागे दीड पर्याय धरले, तर निरपेक्ष शून्यापाशीही बर्फात ३.३७ जूल प्रतिमोल प्रतिकेल्व्हिन एवढी अवशिष्ट एंट्रॉपी (मांडणीतील अव्यवस्थेचे माप) उरली पाहिजे. पुढच्याच वर्षी डब्ल्यू. एफ. जिओक व जे. डब्ल्यू. स्टाउट यांच्या उष्मामापनातून सुमारे ३.४ हा आकडा मिळाला. जॉन नेगल यांनी १९६६ मध्ये केलेल्या अधिक काटेकोर गणनेत दीडाऐवजी १.५०७ आले, म्हणजे पाउलिंग यांचा अंदाज अर्ध्या टक्क्याच्या आत होता. एवढ्या थोड्या गृहीतांवर एवढा अचूक मेळ रसायनशास्त्रात क्वचितच आढळतो.

द्रव पाण्यात एका रेणूला सरासरी किती बंध असतात, यावर एकमत नाही. रूढ अंदाज साडेतीनच्या जवळपास आहे. क्ष-किरण शोषणाच्या आधारे २००४ मध्ये फक्त दोन बळकट बंधांचा दावा करण्यात आला. तो बहुतेकांना पटलेला दिसत नाही.

संकल्पनेचा उगम : श्रेय कोणाला, याविषयी मतभेद आहेत. आल्फ्रेट व्हेर्नर यांनी १९०२ च्या सुमारास अमोनियम लवणांसाठी ‘दुय्यम संयुजा’ सुचविली होती; तिला पूर्वसूरी म्हणता येईल, बंधाची संकल्पना म्हणता येणार नाही. टी. एस. मूर व टी. एफ. विनमिल यांनी १९१२ मध्ये अमाइनांच्या जलीय विद्रावांचा अभ्यास प्रसिद्ध केला. टेट्रामिथिल अमोनियम हायड्रॉक्साइड तीव्र क्षारक असताना ट्रायमिथिल अमोनियम हायड्रॉक्साइड सौम्य का, याचा उलगडा त्यांनी नायट्रोजन व हायड्रॉक्सिल यांना जोडणाऱ्या हायड्रोजनाने केला. पहिल्या संयुगात नायट्रोजनवर हायड्रोजनच नसल्याने असा दुवा संभवत नाही. पॉल फायफर यांनी १९१३ मध्ये रेणूच्या आतील अशीच जोडणी कल्पिली.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील प्रयोगशाळेत या कल्पनेला आजचे रूप आले. वेंडेल लॅटिमर व वर्थ रोडबुश यांच्या १९२० च्या निबंधात, दोन इलेक्ट्रॉन-अष्टकांनी धरलेला हायड्रोजन हा एक दुर्बल बंध होय, असे सांगून त्यावरून पाण्याचे गुणधर्म समजावून दिले आहेत. त्याच प्रयोगशाळेतील मॉरिस हगिन्स यांनी, ही कल्पना आपण १९१९ मध्येच विद्यार्थी असताना लिहून दिली होती, असे पुढे आग्रहाने मांडले. लॅटिमर व रोडबुश यांनी तळटीपेत हगिन्स यांच्या अप्रकाशित कामाचा उल्लेख केला आहे, आणि दोघांचे ज्येष्ठ सहकारी गिल्बर्ट ल्यूइस यांनी १९२३ मध्ये अग्रमान हगिन्स यांना दिला. पाउलिंग यांनी १९३९ मध्ये मात्र पहिला उल्लेख मूर व विनमिल यांचा मानला. उपलब्ध पुराव्यावरून, एकाकी निरीक्षण मूर-विनमिल यांचे, कल्पनेची पहिली चाहूल बहुधा हगिन्स यांची, आणि सर्वसाधारण तत्त्व म्हणून पहिली प्रकाशित मांडणी लॅटिमर-रोडबुश यांची, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरते. संकल्पना सर्वदूर पोचली ती पाउलिंग यांच्या १९३० नंतरच्या लेखनामुळे.

व्याख्येची व्याप्ती : कार्बनशी जोडलेला हायड्रोजन असा बंध करू शकतो का, हा वाद दीर्घकाळ चालला. जून सटर यांनी १९६२ मध्ये लंडनमध्ये स्फटिकांतील अंतरे तपासून कार्बन-हायड्रोजन-ऑक्सिजन बंध अस्तित्वात असल्याचे प्रतिपादन केले. जेरी डोनोह्यू यांनी १९६८ मध्ये त्यावर कडक टीका केली आणि विषय जवळजवळ मागे पडला. रॉबिन टेलर व ओल्गा केनार्ड यांनी १९८२ मध्ये न्यूट्रॉन विवर्तनाने ठरविलेल्या ११३ स्फटिकरचनांचे सांख्यिकीय विश्लेषण केले, तेव्हा सटर यांचे म्हणणे खरे ठरले. क्ष-किरणांना हायड्रोजन नीट दिसत नाही, न्यूट्रॉनांना दिसतो. वाद मिटण्यात या फरकाचा मोठा वाटा आहे. सटर यांचा उल्लेख पाठ्यपुस्तकांत क्वचित येतो, तो यायला हवा.

यानंतर जुनी व्याख्या अपुरी पडू लागली. शुद्ध व अनुप्रयुक्त रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघाने नेमलेल्या गटाने २०११ मध्ये नवी व्याख्या प्रसिद्ध केली. बंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेतील ई. अरुणन या गटाच्या प्रमुखांपैकी एक होते आणि जी. आर. देसिराजू सदस्य होते. या व्याख्येत मूलद्रव्यांची यादी नाही; दात्याची विद्युत् ऋणता हायड्रोजनपेक्षा जास्त असावी आणि बंध झाल्याचा पुरावा असावा, एवढीच अट आहे. बंधकोन १८०° च्या जवळ असणे, अवरक्त वर्णपटात दाता-हायड्रोजन कंपनाची कंप्रता सामान्यतः घटणे आणि अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदनात ठरावीक स्थानांतर दिसणे हे पुरावे होत. काही बंधांत कंप्रता उलट वाढते. तेही व्याख्येत सामावले आहेत.

बंध कितपत विद्युत्‌स्थितिक आणि कितपत सहसंयुजी, हा प्रश्न पूर्णपणे सुटलेला नाही. ग्रनोब्ल येथील सिंक्रोट्रॉनवर केलेल्या क्ष-किरण विकिरणाच्या प्रयोगावरून १९९९ मध्ये बर्फातील बंधात सहसंयुजी अंश असल्याचे जाहीर झाले. परंतु प्रयोगात मिळालेला आकृतिबंध शेजारच्या रेणूंतील इलेक्ट्रॉनांच्या अपाकर्षणातूनही निघू शकतो, असा आक्षेप आला. आर. एन. ए. रेणूत हायड्रोजन बंधाच्या दोन्ही बाजूंच्या नायट्रोजन अणुकेंद्रांमध्ये १९९८ मध्ये आढळलेले युग्मन (एका अणुकेंद्राच्या चुंबकीय स्थितीचा दुसऱ्यावर होणारा परिणाम) हा अधिक भक्कम पुरावा वाटतो. दुर्बल बंधांत विद्युत्‌स्थितिक आकर्षण प्रमुख आणि बंध आखूड होत जाईल तसा सहसंयुजी अंश वाढत जातो, हे मत आज बहुमान्य आहे.

जैव रेणू : प्रथिनांतील अल्फा सर्पिल (१९५१) आणि डी. एन. ए.मधील क्षारकांच्या जोड्या (१९५३) हायड्रोजन बंधांवर उभ्या आहेत. ग्वानीन-सायटोसीन जोडीत मूळ प्रतिकृतीत दोन बंध दाखविले होते. तिसरा पाउलिंग व रॉबर्ट कोरी यांनी १९५६ मध्ये निश्चित केला. कातडी व स्नायुबंधांतील कोलॅजेनाविषयी मद्रास येथे जी. एन. रामचंद्रन व गोपीनाथ कर्था यांनी १९५५ मध्ये तीन पदरी पिळाची प्रतिकृती दिली. तिच्यात प्रत्येक तीन ॲमिनो अम्लांमागे दोन हायड्रोजन बंध होते. अलेक्झांडर रिच व फ्रान्सिस क्रिक यांनी एकच शक्य असल्याचे सांगितले. सरळ बंध एकच, हे पुढे मान्य झाले. मात्र दुसऱ्या जागी पाण्याच्या रेणूमार्फत जोडणी होते, अशी दुरुस्ती रामचंद्रन यांनी १९६८ मध्ये सुचविली होती, आणि १९९० नंतरच्या स्फटिकरचनांत असे पाणी, तसेच कार्बन-हायड्रोजन-ऑक्सिजन बंधही, प्रत्यक्ष आढळले.

सेल्युलोजाच्या साखळ्या याच बंधांनी एकमेकींना धरून असतात. सुती कापडाला इस्त्री करताना पाणी शिंपडतात, ते पाणी साखळ्यांमधल्या जोडण्या सोडवून त्यांना सरकू देते. कापड वाळले की नव्या जागी नव्या जोडण्या होतात.

ड्यूटेरियमयुक्त बंध : पाण्यात हायड्रोजनऐवजी त्याचा जड समस्थानिक ड्यूटेरियम घातल्यास जड पाणी बनते; त्याचा वितळबिंदू ३.८° से. व उत्कलनबिंदू १०१.४° से. असतो. आखूड बंधांत दाता व ग्राही यांच्यातील अंतर किंचित वाढते. पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेटाचे स्फटिक सुमारे १२२ केल्व्हिनखाली फेरोविद्युतीय (बाह्य विद्युत् क्षेत्राविनाही विद्युत् ध्रुवण टिकविणारे) बनतात. ड्यूटेरियमयुक्त स्फटिकांत हे तापमान २१० केल्व्हिनच्या वर जाते.