समुद्राची बुरशी आणि समुद्रात सापडलेली बुरशी

खाडीतल्या तिवराच्या किंवा कांदळाच्या कुजक्या लाकडाचा तुकडा प्रयोगशाळेत आगरच्या, म्हणजे बुरशीला अन्न पुरवणाऱ्या जेलीच्या, बशीवर ठेवला, की थोड्याच दिवसांत हिरवा-काळा थर धरतो. बहुतेकदा अ‍ॅस्परजिलस नाहीतर पेनिसिलियम. शिळ्या पावावर, ओल्या भिंतीवर येणारीच ही मंडळी. त्यांची नावं कांदळवनातल्या ‘सागरी बुरशीं’च्या यादीत सहज चढतात आणि तिथेच घोटाळा होतो.

यान आणि एरिका कोहलमायर या सागरी बुरशींच्या अभ्यासक दाम्पत्याने १९७९ मध्ये दिलेली कसोटी मला आजही सर्वात उपयोगी वाटते. जी बुरशी फक्त समुद्रात किंवा खाडीत वाढते आणि तिथेच बीजाणू तयार करते, ती अस्सल सागरी. जी मूळची जमिनीवरची किंवा गोड्या पाण्यातली, पण खाऱ्या पाण्यातही वाढू शकते, ती वेगळी. बशीवर उगवणं हा पुरावाच नव्हे. वाऱ्याने येऊन चिखलात निपचित पडलेला बीजाणूही आयतं अन्न मिळताच उगवतो आणि सावकाश वाढणाऱ्या अस्सल सागरी बुरशीला झाकून टाकतो.

म्हणून लाकूडच बघायला हवं. भरतीत बुडणाऱ्या मेलेल्या मुळाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली धरला, की टाचणीच्या टोकाहून बारीक काळे ठिपके दिसतात. बरेचसे लाकडात रुतलेले, नुसतं तोंड वर. ही बुरशीची फळं. हॅलोसार्फिया या अस्सल सागरी बुरशीच्या गोतावळ्यातल्या अनेक जातींत बीजाणूंची थैली फळाच्या आतच विरघळते. हॅलोसार्फियाच्या बीजाणूच्या दोन्ही टोकांना टोप्या असतात. पाणी लागताच त्या उलगडून लांब, चिवट धागे होतात आणि लाकडाला अडकतात. अ‍ॅस्परजिलसचे बीजाणू मात्र कोरडी भुकटी, वाऱ्यासाठी घडलेली.

अर्थात, धागा नाही म्हणजे सागरी नाही, असं नव्हे. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या लाकडावर थैलीतून बीजाणू जोराने बाहेर फेकणाऱ्या अस्सल सागरी जातीही भरपूर असतात; कायम बुडालेल्या लाकडात थैली विरघळवणाऱ्या जास्त. एकाच झाडावर उंचीप्रमाणे बुरशी बदलते ती अशी, आणि उष्ण कटिबंधातल्या कांदळवनांतल्या विविधतेत यामुळेही भर पडते. भरतीच्या रेषेच्या वर खोडावर जमिनीवरच्या बुरशींची मोठी फळं दिसतील. खाली त्याच भूछत्रांच्या गोतावळ्यातली हॅलोसायफिना व्हिलोसा भेटते, पण तिची वाटी मिलीमीटरहूनही लहान.

पाहुण्या बुरशीला कमी लेखायचं मात्र कारण नाही. कॅरिबियन समुद्रातल्या पंख्यासारख्या प्रवाळांना १९९० च्या दशकात लागलेल्या रोगाशी अ‍ॅस्परजिलस सायडोवी या जमिनीवरच्याही मातीत राहणाऱ्या बुरशीचा संबंध जोडला गेला.

आता लाकडातला डीएनए थेट वाचता येतो. बशीवर न वाढणाऱ्या जातीही त्यात सापडतात, हा मोठाच फायदा. पण डीएनए निपचित पडलेल्या बीजाणूचाही मिळतो. ती जात त्या लाकडात वाढत होती का, हे बघायला पुन्हा ते काळे ठिपकेच शोधावे लागतात.