धूसर फोटोत कमी असतो तो काळा

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून मार्चमधल्या एखाद्या दुपारी पश्चिमेकडे काढलेला फोटो बहुतेक वेळा फसतो. कड्याचा कातळ तेवढा नीट येतो आणि पलीकडच्या डोंगररांगांवर निळसर राखाडी पडदा पडलेला दिसतो. घरी आल्यावर हात आपोआप रंग गडद करणाऱ्या सॅच्युरेशनच्या पट्टीकडे जातो आणि तिथंच घोळ होतो. या फोटोत कमतरता रंगाची नसते, काळ्याची असते.

लांबच्या डोंगराकडून निघालेला प्रकाश वाटेत हवेतल्या कणांवर आपटून घटतो. शिवाय तेच कण सूर्याचा प्रकाश कॅमेऱ्याकडे फेकतात. म्हणजे मूळ दृश्य फिकं होतं आणि त्यावर उजेडाचा थर चढतो. आठ बिटच्या फोटोत काळा म्हणजे ० आणि पांढरा म्हणजे २५५. जवळच्या कातळातल्या भेगा १०-१५ वर असताना लांबच्या रांगेतली सर्वांत गडद सावली १३० वर आणि सर्वांत उजळ उतार १७० वर, असं सहज घडतं. अख्खा डोंगर चाळीस पायऱ्यांत कोंबलेला. त्यात सॅच्युरेशन वाढवलं की पडद्याचाच निळा गडद होतो.

गिंप हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम या कामाला पुरेसा आहे. आधी लेयरची, म्हणजे फोटोच्या थराची, नक्कल करा. 'कलर्स' मेनूतलं 'लेव्हल्स' उघडा. हिस्टोग्राम म्हणजे कोणत्या उजळपणाचे किती ठिपके आहेत ते दाखवणारा आलेख; त्याखालचा काळा त्रिकोण १०० वर आणि पांढरा २०० वर आणा. आता १३० चा झाला सुमारे ७६ आणि १७० चा सुमारे १७८; चाळीस पायऱ्यांच्या शंभरेक झाल्या. काळा त्रिकोण थेट १३० वर नेण्याचा मोह टाळा. थोडी धूसरता राहिली तरच डोंगर लांब वाटतो, नाहीतर पुठ्ठा कापून चिकटवल्यासारखा दिसतो.

अर्थात या बदलात जवळचा कातळ काळाठिक्कर झाला आणि आकाश पांढरंफटक. म्हणून या लेयरला काळा मास्क लावा आणि मऊ कडेच्या पांढऱ्या ब्रशनं फक्त लांबचे डोंगर रंगवा. मास्कवर पांढरं असेल तिथंच बदल दिसतो.

निळसर छटा उरली तर लेव्हल्समध्येच चॅनेल (लाल, हिरवा, निळा यांतला एकेक रंग) बदलून निळ्याचा काळा बिंदू लालपेक्षा दहा-पंधरा अंकांनी पुढे न्या. कारण साधं आहे: अतिसूक्ष्म कण निळा प्रकाश जास्त विखुरतात. हवेच्या रेणूंच्या बाबतीत ४५० नॅनोमीटरचा निळा हा ६५० नॅनोमीटरच्या लालपेक्षा चौपटीहून अधिक विखुरतो. धूर-धुळीचे कण मोठे, त्यामुळे तिथं फरक इतका नसतो, पण बहुधा झुकाव तोच. म्हणूनच अशा फोटोचा लाल चॅनेल एकटा पाहिला तर लांबच्या सोंडा-घळी जास्त स्पष्ट दिसतात. त्याचा कृष्णधवल लेयर करून फक्त उजळपणा बदलणाऱ्या 'ल्युमिनन्स' मोडमध्ये ४० टक्के अपारदर्शकतेवर ठेवला की तो तपशील रंग न बिघडवता उतरतो. झाडी थोडी काळवंडते, ती मास्कनं वाचवा.

पावसाळ्यातल्या दाट धुक्यापुढे मात्र यातलं काही चालत नाही. त्याचे थेंब इतके मोठे असतात की सगळे रंग सारखेच विखुरतात. पलीकडचा प्रकाश कॅमेऱ्यापर्यंत पोचलेलाच नसतो, ताणायचं काय? आपोआप लेव्हल्स करणारं बटणही जपून वापरावं. ते प्रत्येक चॅनेल वेगळा ताणतं, त्यामुळे संध्याकाळचा केशरी उजेड त्याला दोष वाटतो आणि ते तो पुसून टाकतं.

पायऱ्या ताणल्या की मधे फटी पडतात, हिस्टोग्राम कंगव्यासारखा दिसतो आणि गुळगुळीत उतारांवर पट्टे उमटतात. दाणेदारपणाही तितक्याच पटीनं वाढतो. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या, तर चौदा बिटच्या रॉ फाइलमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या नोंदीत) १६,३८४. डोंगर टिपायचे तर रॉमध्येच टिपावेत. ती फाइल आधी डार्कटेबल किंवा रॉथेरपीमध्ये उघडून सोळा बिटची टिफ करून गिंपमध्ये आणायची.

पानांचा हिरवा रेडियमसारखा चमकायला लागला, तर 'ह्यू-सॅच्युरेशन'मध्ये हिरव्याऐवजी पिवळा निवडून पाहा. फोटोतली बरीचशी पालवी प्रत्यक्षात पिवळ्याच्या पट्ट्यात मोडते. तिची उजळी पाच-दहा अंकांनी उतरवली की कारवी कारवीसारखी दिसते. ओल्या पानांवरची आकाशाची चकाकी मात्र सॉफ्टवेअरला नीट काढता येत नाही. त्यासाठी फोटो काढतानाच भिंगापुढचा पोलरायझर फिल्टर फिरवावा लागतो.

शार्पनिंग सगळ्यात शेवटी, फोटो हव्या त्या आकाराला लहान केल्यावर. 'अनशार्प मास्क' या शार्पनिंगच्याच साधनाची त्रिज्या १ पिक्सेलच्या आसपास आणि मात्रा ०.५ पुरते. डोंगराच्या कडेला आकाशालगत पांढरी रेघ दिसू लागली तर त्रिज्या जास्त झाली आहे.