सादळणाऱ्या हवेतलं साठं

मे महिन्यात आमच्या काकूच्या खळ्यात फणसाची साठं वाळत असतात. बरक्या, म्हणजे मऊ रसाळ गऱ्यांच्या, फणसाचा रस तूप लावलेल्या ताटात पातळ पसरायचा, दिवसभर ऊन द्यायचं आणि तिन्हीसांजेच्या आत ताटं घरात घ्यायची. एखादं ताट रात्री बाहेर राहिलं तर "सादळलं मेलं" म्हणून ती सगळ्यांचा उद्धार करते. वाळवणाचं निम्मं शास्त्र त्या 'सादळण्यात' आहे.

पदार्थात किती पाणी आहे यापेक्षा त्यातलं किती मोकळं आहे, यावर त्याचं नासणं ठरतं. साखर आणि मीठ पाण्याला धरून ठेवतात. तेवढं पाणी जंतूंच्या वाट्याला येत नाही. या मोकळेपणाचं माप म्हणजे वॉटर अ‍ॅक्टिव्हिटी. शुद्ध पाण्याची १. बहुतेक जिवाणू ०.९ च्या खाली वाढत नाहीत. बुरशी चिवट, ती ०.७ च्या आसपासही तग धरते. ०.६ च्या खाली मात्र कुणाचंच काही चालत नाही.

आता गोम अशी, की उघड्यावरचा पदार्थ भोवतालच्या हवेशी जुळवून घेतो. हवेची सापेक्ष आर्द्रता, म्हणजे त्या तापमानाला हवेत मावेल त्यापैकी किती टक्के वाफ आहे ते माप, ७५ टक्के असेल, तर तो ०.७५ पाशी येऊन थांबतो; मग महिनाभर ठेवा. किनाऱ्यावर मे महिन्यात हवा साधारण तेवढीच दमट असते. दिवसा उन्हाने ताट तापतं म्हणून पाणी निघतं, रात्री निघालेलं परत आत शिरतं. कोकणात उन्हाची टंचाई नाहीच, हवेला तहान नाही ही अडचण आहे.

मराठवाड्यात ही अडचण कमी. एप्रिलच्या दुपारी तिथली आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांवर येते. वैभव तिडके, निधी पंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभ्या केलेल्या 'एसफोरएस टेक्नॉलॉजीज'ने त्या भागातल्या शेतकरी बायकांच्या हाती सौर ड्रायर, म्हणजे उन्हाने तापणाऱ्या सुकवणीच्या पेट्या, दिल्या. बाजारात न खपणारा माल त्या सुकवतात, कंपनी तो विकत घेते. २०२३ मध्ये या कामाला पर्यावरणासाठीचा अर्थशॉट पुरस्कार मिळाला. ही कल्पना घाट उतरवायची तर हवेचं गणित मांडावं लागतं.

ते सोपं आहे. ३० अंशांची, ७५ टक्के आर्द्रतेची हवा पेटीत ५० अंशांपर्यंत तापवली, तर तिच्यातली वाफ तेवढीच राहते, पण आर्द्रता २६ टक्क्यांवर उतरते. म्हणजे पेटीपुरता मराठवाडा!

लांज्याकडे ओळखीच्या एका तरुणाने असाच उद्योग मांडला आहे. झाडाखाली पडून कुजणारे फणस तो वाडीवाडीतून उचलतो. पहिल्या वर्षी त्याने उष्णता बाहेर जाऊ नये म्हणून पेटीच्या सगळ्या फटी बुजवल्या. दुपारी काचेला आतून घाम फुटला आणि थेंब परत गऱ्यांवर! हवा नुसती तापून भागत नाही, पाणी घेऊन ती बाहेरही पडली पाहिजे. खाली जाळी आणि वर धुराडं बसवल्यावर गाडी रुळावर आली.

पाणी उडवायला ऊर्जाही बक्कळ लागते. दहा किलो पिकल्या गऱ्यांत साडेसात किलो पाणी. त्यातलं सात किलो तरी काढायचं. एका किलोला साधारण पाऊण युनिट, म्हणजे पाच युनिट झाले. दोन चौरस मीटरवर दिवसभरात दहाएक युनिट ऊन पडतं, त्यातलं तीसेक टक्के कामी येतं. एका दिवसात काम उरकत नाही आणि घाई करून फार तापवलं तर वरची साल कडक होऊन आतलं पाणी आतच अडकतं. खरी युक्ती सुरीत आहे. आतलं पाणी झिरपत पृष्ठभागावर येतं आणि त्याला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाने वाढतो. काप निम्म्या जाडीचे केले की वेळ चौथाईवर. म्हणून हा तरुण कापा, म्हणजे घट्ट गऱ्यांचा, फणस घेताना शेतकऱ्यांना भाव सांगतो आणि चिरणाऱ्या बायकांना जाडी.

खरेदीआधी तो सुकलेले काप घट्ट झाकणाच्या बरणीत घालतो, सोबत आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र. काही तासांनी आतल्या हवेचा आकडा स्थिरावतो; तो ६० च्या आत आला तरच माल पास. मागच्या मे महिन्यात काकूने मोठ्या ऐटीत आपलं साठं पुढे केलं. आकडा ६८ आला. काकू म्हणाली, "यंत्र सादळलंय तुझं."