टॅपेट वाजतोय? थोडा वाजू द्या

"टॅपेट वाजतोय, टाइट करून घ्या" हा गॅरेजबाहेरचा जुना सल्ला चुकीचा आहे. बहुतेक मोटरसायकलींत व्हॉल्व्ह (इंजिनाची उघडझाप करणारी झडप) आणि त्याला दाबणाऱ्या रॉकर नावाच्या दांड्यामध्ये ०.१ मिमीच्या आसपास फट मुद्दाम ठेवलेली असते. ‘टॅपेट वाजतोय’ म्हणतात ती हलकी टिकटिक या फटीचीच. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, म्हणजे जळालेला वायू बाहेर सोडणारा, तापला की लांबतो. फट नसेल तर तो सीटवर (बंद होताना ज्या कड्यावर बसतो त्यावर) नीट टेकत नाही, आणि त्याची बरीचशी उष्णता तर सीटमधूनच निघून जाते. मग तो जळतो, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) पडतं, गाडी स्टार्ट व्हायला छळते. गंमत म्हणजे सीट झिजते तशी ही फट आपोआप कमी होते. म्हणजे बिघडत चाललेलं इंजिन उलट शांत होतं! खडखडाट वाढला तर मात्र इंजिन थंड असताना फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) फट मोजून घ्या, आकडा मॅन्युअलमधला.